चार हयात वादकांचा गौरव

खालच्या शेजाऱ्याच्या रेकॉर्डचा खर्जातला बास आपल्या पोटात वाजत असेल तर काय करावं, यावर टोकियोच्या ओजिमातल्या मराठी मंडळींत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, गप्प बसावं. दुसरा म्हणतो, चिठ्ठी लिहून गप्प बसावं. मी दुसऱ्या पक्षात गेलो, तीच चूक झाली. पहिल्या पक्षात राहिलो असतो तर आज माझ्या हातून काही बिघडलं नसतं, आणि तुमच्या हातात हा मजकूर पडला नसता. म्हणजे दोघांचंही भलं झालं असतं.

माझी मुलगी उत्तरा तोयोसुच्या एका बँकेत आहे. निवृत्तीनंतर मी तिच्याकडे राहायला आलो. सरकारी वसाहत, पाचवा मजला, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. माझी एकच मागणी होती: दुपारी दोन ते तीन वामकुक्षी. उत्तरा म्हणाली, "बाबा, जपानमध्ये तेवढी एक गोष्ट भरपूर मिळेल, शांतता." तिचं खरं होतं, पण ते पाचव्या मजल्यापुरतं. चौथ्यावर रोज दोनच्या ठोक्याला कोणी तरी रेकॉर्ड लावी. गाणं ऐकू येत नसे. ऐकू येत नसे म्हणूनच त्रास होता, फक्त बास वर चढून येई. झोपताना मी कवळी काढून वाटीत ठेवतो. ती पाण्यात कटकट वाजायची. माझे स्वतःचे दात माझ्याशिवाय चावताहेत, हे दृश्य झोप आणणारं नव्हे.

सल्ला द्यायला नंदकिशोर आला. नंदकिशोर आमच्या मराठी मंडळाचा सचिव. क्योतोत सात वर्षं राहून त्याने तांदळातल्या किड्यावर डॉक्टरेट केली आणि आता तो सॉफ्टवेअरमधले किडे मारतो. आमच्यात जपानी लिपी सरळ वाचता येणारा तो एकटा, त्यामुळे जपानबद्दल तो सांगेल ते प्रमाण.

"काका, इथे तक्रार तोंडावर करत नाहीत. क्योतोत शेजारची मुलगी पियानो बडवत असली तर आईला म्हणायचं, 'किती छान प्रगती केली हो मुलीनं!' आई शरमते. पियानो बंद."

"आणि नाही शरमली तर?"

"क्योतोत असं होत नाही."

"आपण ओजिमात आहोत."

"जपान एकच आहे, काका."

त्याने माझ्या वतीने चिठ्ठी लिहिली: आपलं संगीत आमच्या घरी अतिशय स्पष्ट पोचतं. एवढ्या उच्च अभिरुचीचा शेजार लाभला हे आमचं भाग्य. मी खाली सही केली. एवढं गोड विष मी पुण्यातसुद्धा पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. बाहेर पंचाहत्तरीचा एक वाळलेला गृहस्थ, नाकात नळी, मागे चाकांवर ऑक्सिजनचं छोटं नळकांडं. हातात द्राक्षांची पेटी. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि वाकलेलाच राहिला. मला वाटलं, केवढी ही नम्रता! नंतर कळलं, त्याला धाप लागली होती. सरळ झाला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. ते धापेचं नव्हतं.

हे मोरिवाकी-सान. त्यांचं इंग्रजी रेकॉर्डच्या पाकिटांवरून शिकलेलं, त्यामुळे त्यांना इंग्रजीत 'पीठ कुठे मिळेल' विचारता येत नसे, पण 'अन्यायाचे दिवस संपतील' असं म्हणता येई. चाळीस वर्षांत या संगीताबद्दल चांगलं बोलणारा मी पहिला माणूस, असं त्यांनी मला सांगितलं. आणि त्या दिवसापासून माझी सोय व्हावी म्हणून त्यांनी स्पीकर छताजवळ चढवला.

"हा इथलाच जुना माणूस दिसतो," नंदकिशोर म्हणाला. "यांना आडवळणाचं कळत नाही. यांना स्तुती केली की स्तुतीच वाटते."

"मग सरळ सांगून टाकू?"

"आता? द्राक्षं खाल्लीत ना तुम्ही?"

द्राक्षं उत्तराने खाल्ली होती, पण मुद्दा बिनतोड होता. मी खाली ऐकायला जाऊ लागलो. वामकुक्षी गेलीच होती. निदान दात तोंडात राहिले.

मोरिवाकी-सान ज्याच्या रेकॉर्ड लावत त्या रेगे बँडचं नाव झायन लाँड्रोमॅट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले चार म्हातारे, एका धोबीखान्याच्या मागच्या खोलीत तालीम करत, म्हणून हे नाव. म्हणजे जमैकाचं संगीत ओहायोत वाजत होतं, ते टोकियोत ऐकलं जात होतं आणि झोप मुलुंडच्या माणसाची मोडत होती. जागतिकीकरण म्हणतात ते हेच असावं. रूट्स रेगे, म्हणजे जुन्या वळणाचं रेगे, मला लवकर कळलं. ते आपल्या भजनासारखंच, देवाला हाका आणि सरकारला शिव्या. त्यातलाच डब नावाचा प्रकार कळायला वेळ लागला. तेच गाणं घ्यायचं आणि त्यातून एकेक गोष्ट काढून टाकायची. आधी गायक काढा, मग गिटार काढा. उरतो बास आणि ढोल, आणि काढलेल्यांचा पुसट प्रतिध्वनी. मी म्हटलं, ही तर आमची वसाहत.

जूनमध्ये मोरिवाकी-सान म्हणाले, "सेन्सेई, डॉक्टरांनी मला पानगळीपर्यंतचे दिवस दिलेत." मला ते सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी. "त्याआधी एकदा समोर बसून ऐकायचंय. मी त्यांना पत्र घातलं. ते येतो म्हणाले."

वसाहतीचं सभागृह मिळालं होतं. चौघांनी विमानाचं ठरवलं होतं. अडलं होतं एका कागदावर. कलावंत म्हणून देशात यायचं तर ते कलावंत आहेत हे दाखवावं लागतं: अलीकडच्या काळात कोण्या पत्रकाराने, समीक्षकाने त्यांच्याबद्दल बरं लिहिलेलं हवं. झायन लाँड्रोमॅटबद्दल ओहायोतल्या एका गावच्या पत्राने बावीस वर्षांपूर्वी बरं लिहिलं होतं. ते पत्रही आता नाही, लिहिणाराही नाही.

मोरिवाकी-सान माझ्याकडे बघत राहिले. नंदकिशोर माझ्याकडे बघत राहिला. उत्तरा म्हणाली, "बाबा, नको."

तिला कारण ठाऊक होतं. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात व्यंगलेख लिहिले. हयात माणसाबद्दल चांगलं एकदाही लिहिलेलं नाही, तो माझा धंदाच नव्हता. मात्र माणूस गेला की संपादक मलाच सांगत, कारण ज्याची आयुष्यभर टर उडवली त्याच्यावर मीच हळवं लिहिलं की वाचक रडत. असे सुमारे दोनशे मृत्युलेख माझ्या नावावर आहेत. एका मंत्र्यांच्या घरी तर माझा लेख चौकटीत लावला आहे, त्याच्या शेजारीच माझ्यावरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची नोटीस.

पण तोवर माझ्या तोंडून 'मी लिहितो' असा शब्द गेला होता. मी बसलो आणि लिहिलं. लिहिताना लेखणी आपोआप भूतकाळात गेली. माझ्याकडची सगळी स्तुती भूतकाळातलीच आहे, मी तरी काय करू? गायक अर्ल यांच्या आवाजात 'कष्टकऱ्यांचा घाम होता'. ढोलवाले क्लाइड 'काळाचे विनम्र सेवक होते'. किबोर्डवाले सायमन 'अबोल, पण अंतर्यामी ओलावा असलेले' होते. आणि बास, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवणाऱ्या वेंडेल यांच्यावर तर मी रंगलो. लिहिलं: 'वेंडेल यांचा बास घरातल्या कर्त्या माणसासारखा होता. तो कधी पुढे आला नाही, पण तो होता म्हणून घर उभं होतं. अशी माणसं पुन्हा होणे नाही.'

उत्तराने वाचलं आणि चष्मा काढला. "बाबा, हे चौघंही गेल्यासारखं वाटतंय."

"ती माझी शैली आहे."

"शैली नाही, सुतक आहे."

माझा अभिमान दुखावला. मी म्हटलं, एक स्वल्पविराम बदलणार नाही. तिने निमूटपणे त्याचं इंग्रजी करून बँडला पाठवलं आणि नंदकिशोरने जपानी करून मंडळाच्या संकेतस्थळावर टाकलं. छापून आलेलं असणं आवश्यक होतं ना! आता मंडळाच्या संकेतस्थळाला चार दालनं आहेत: गणेशोत्सव, पाककृती, पाळणाघर आणि श्रद्धांजली. सचिवाला दोष देण्यात अर्थ नाही. मजकूर वाचून कोणत्याही सुजाण मराठी माणसाने तो पाककृतींत टाकला नसता. संकेतस्थळ तर त्याहून सुजाण होतं. त्या दालनात फोटो टाकला की तो आपोआप काळा-पांढरा होऊन त्याला झेंडूचा हार पडतो.

त्याच आठवड्यात मोरिवाकी-सानना रुग्णालयात हलवलं. अर्ज घेऊन मी आणि नंदकिशोर व्हिसाच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी होता. त्याने कागद चाळले, शेवटच्या पानावर थांबला, चौघांच्या हारातल्या मुद्रा पाहिल्या, उभा राहिला आणि वाकला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"आपल्या दुःखात सहभागी आहे म्हणतोय," नंदकिशोर कुजबुजला. "आणि विचारतोय, परवाना नक्की कुणाला हवाय?"

"सांग त्याला, सगळे जिवंत आहेत!"

नंदकिशोरने सांगितलं. अधिकारी फार सभ्य. त्याने आम्हाला खोटं ठरवलं नाही, तो हसला नाही. त्याने लेख पुन्हा वाचला, आमच्याकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं की समीक्षकांचं मत असं का झालं असावं. मग म्हणाला, हे कलावंत सध्या कार्यरत आहेत असं काही तरी लेखी आणा.

नंदकिशोर हवालदिल झाला. मी मात्र ताठ झालो. कारण जगात एक कागद असा आहे ज्यात मराठी निवृत्त माणसाचा हात कोणी धरू शकत नाही, हयातीचा दाखला! दर नोव्हेंबरला मी स्वतः जिवंत असल्याचं बँकेला पटवून देतो. एका वर्षी तर साहेब म्हणाला होता, तुम्ही आलात हे ठीक, पण सही जुळत नाही. मी चौघांसाठी नमुना तयार केला: 'दाखला देण्यात येतो की खाली सही करणार आज रोजी माझ्यासमोर उपस्थित असून हयात आहे व वादन करीत आहे.' खाली तारीख, शिक्का, दोन साक्षीदार. ओहायोला रवाना केला. अर्लचं उत्तर आलं, की सत्तर वर्षांत आम्ही जिवंत आहोत का असं आम्हाला कोणी एवढ्या आस्थेने विचारलं नव्हतं.

अकरा दिवसांनी चार दाखले आले. चारही सह्या, चारही शिक्के, साक्षीदारांत एक धोबीण. असे निर्दोष कागद मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. सोबत अर्लचं पत्र होतं.

उत्तराने ते वाचलं. मग तिने ते मराठीत न सांगता माझ्या हातात दिलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

वेंडेलने सोमवारी सही केली. मंगळवारी हृदयाच्या कसल्याशा किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आत गेला. बाहेर आला नाही. अर्लने पुढे लिहिलं होतं: तुमचा लेख त्याने फ्रिजवर चिकटवला होता. म्हणायचा, गाणाऱ्यावर सगळे लिहितात, बासवर लिहिणारा हा पहिलाच. तुम्ही आम्हाला मारून टाकलंय असं मी त्याला म्हणालो, तर तो हसला. म्हणाला, लिहू दे, पुढे कामाला येईल. तो आम्ही तसाच्या तसा चर्चमध्ये वाचला.

मी वामकुक्षीच्या वेळेला आडवा झालो. खाली मोरिवाकी-सान नव्हते. पूर्ण शांतता होती. झोप लागली नाही.

नंदकिशोर संध्याकाळी आला तेव्हा त्याने आधी हात जोडले, मग कागद पाहिले. "काका, दाखला तर वैध आहे. सोमवारची तारीख आहे. चौघांचेही अर्ज जाऊ देत, तिघं आले तर कोण मोजतंय?"

"खिडकीवरच्या त्या मुलाने उभं राहून नमस्कार केला होता रे," मी म्हटलं.

आम्ही पुन्हा खिडकीवर गेलो. चौथा अर्ज मागे घ्यायचा आहे, असं नंदकिशोरने सांगितलं आणि कारण सांगितलं. अधिकारी उभा राहिला. पूर्वीसारखाच वाकला. त्याच शब्दांत तेच बोलला. या वेळी आम्हाला काही खुलासा करायचा नव्हता.

आता मोरिवाकी-सानना कोण सांगणार? मंडळात याची वार्ता पसरताच सल्ले आले. सांगू नका, धक्का बसेल. सांगा, पण हळूहळू सांगा. आधी सांगा की वेंडेलला सर्दी झाली आहे. लता नावाच्या बाईंनी सुचवलं की पडद्यामागे रेकॉर्ड लावा, कळणार नाही. पंचाऐंशी सालापासून ज्याने एकच बास ऐकला त्याला कळणार नाही!

मी रुग्णालयात गेलो तो गप्पच बसायचं ठरवून. उशीजवळ माझ्या लेखाची जपानी प्रत होती. मोरिवाकी-सान म्हणाले, "सेन्सेई, मी काय काम करायचो ते तुम्ही कधी विचारलं नाहीत."

खरंच विचारलं नव्हतं. आपण शेजाऱ्याच्या आवाजाची चौकशी करतो, शेजाऱ्याची नाही.

"सायंदैनिकात मुद्रितशोधक होतो. एकतीस वर्षं. माझ्याकडे निधनवार्तांचं पान होतं." त्यांनी लेखावर बोट ठेवलं. "पहिल्याच ओळीत कळलं. तुम्ही चौघांना एकाच दिवशी नेलंत. मी खूप हसलो. नर्स धावत आली." ते थांबले, नळीतून श्वास घेतला. "काल परत वाचला. तुम्ही आज गोष्टी सांगत नाही आहात, म्हणून विचारतो. यातलं कुणाचं खरं झालं?"

मी दोनशे मृत्युलेख लिहिले. एकाही घरी बातमी सांगायला मी गेलो नव्हतो. ते काम दुसरं कोणी तरी करून ठेवत असे, मग माझी हळवी शैली येत असे.

"वेंडेल," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बाकीचे येणार आहेत?"

"तुम्ही म्हणाल तर."

"येऊ दे."

सप्टेंबरात तिघं आले. अर्लची दाढी पोटापर्यंत, सायमनला ऐकू कमी, क्लाइड गुडघ्याच्या पट्ट्यासकट. वसाहतीच्या सभागृहात लावलेल्या चाळीस खुर्च्यांवर एकोणीस माणसं होती, त्यातली बारा मंडळाची. 'अमेरिकन भजनसंध्या' अशी नंदकिशोरने जाहिरात केली होती. कस्तुरी नावाच्या बाईंनी अल्पोपाहार म्हणून साबुदाण्याची खिचडी आणली होती, कारण त्या दिवशी चतुर्थी होती. मोरिवाकी-सान चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत, दोन तासांची परवानगी घेऊन आले. परवानगीच्या कागदावर परत आणण्याची वेळ लिहिली होती, ग्रंथालयाच्या पुस्तकावर असते तशी.

बासवाल्याची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. स्टँडही नव्हता. नुसती तीन पावलांची जमीन.

कार्यक्रम झाला. मंडळींनी दुसऱ्या गाण्यापासून टाळ्यांचा ठेका धरला, तो संगीताशी कुठेही जुळत नव्हता. मध्येच सायमनचा किबोर्ड बंद पडला आणि त्याला ते ऐकू न आल्याने तो वाजवत राहिला. मोरिवाकी-सान हलले नाहीत. एकदाही नाही. शेवटी तिघंही खाली उतरून त्यांच्यासमोर वाकले, शिकून आल्यासारखे, जरा जास्तच. अर्लने त्यांचा हात धरला.

परत नेताना गाडीत मोरिवाकी-सान म्हणाले, "सेन्सेई, आता यांच्यावर लिहा. पण या वेळी जिवंत माणसांवर लिहितात तसं."

"म्हणजे?"

"तुमचा धंदा तुम्हाला माहीत."

मी लिहिलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लेखणी वर्तमानकाळात आली. अर्लचा आवाज दमेकरी रिक्षासारखा चढावर बंद पडतो. सायमन स्वतःच्याच एका वेगळ्या कार्यक्रमात वाजवतो. आणि क्लाइड प्रत्येक वेळी उशिरा येतो. दर वळणावर ठोका अर्धा क्षण मागे, शेवटपर्यंत, न चुकता. ज्याने काळाची सेवा करायची तोच काळाच्या मागून येतो, असं मी लिहिलं. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

तीन दिवसांनी मी ते रुग्णालयात वाचून दाखवलं. एकेक वाक्याचं इंग्रजी करत. मोरिवाकी-सान फार अशक्त झाले होते, पण रिक्षाला हसले. सायमनला इतके हसले की नर्सने दारातून डोकावून पाहिलं. मी चढत्या आवाजात क्लाइडवर आलो. त्यांचं हसू थांबलं.

"ते चूक आहे," ते म्हणाले.

"अहो, मी मोजलं होतं. प्रत्येक वेळी उशीर."

"उशीर नाही." त्यांनी श्वास गोळा केला. "वेंडेल आधी यायचा, मग क्लाइड. चाळीस वर्षं तसंच. तो उशिरा येत नव्हता, सेन्सेई. तो वाट बघत होता."

मी कागदाकडे पाहिलं. खिशातून पेन काढलं. चाळीस वर्षांत माझं वाक्य कोणी खोडलं की मी संपादकाशी आठवडाभर बोलत नसे, आणि त्यांत एकही वाक्य याच्याइतकं चांगलं नव्हतं. मी ते स्वतः खोडलं, नीट, दोन रेघा मारून, आणि खालचा मजकूर पुढे वाचायला घेतला.